एक क्रूस, लहान

कौंटी कचेरीच्या तळघरात खुर्ची एकच.
व्हर्ना उभीच राहते; म्हणते, गुडघे दुमडले की उलगडत नाहीत.
पानं मी उलटते. बत्तीस वर्षं शाळेची बस चालवलेले हात,
वळणाचा अंदाज त्यांना अजून आहे.

अठराशे साठ. थाइसन, विलिब्रॉर्ड. वय एकतीस, लोहार,
जन्म लक्झेंबर्ग. आमचा खापरपणजोबा.
सत्तर साली तो टायसन.
ऐंशीत डायसन, आणि जन्म चक्क बेल्जियम.
शिरगणतीवाला खोगिरावरूनच विचारत असणार,
आत घणाचे घाव पडत असणार,
दोन घावांमध्ये जे ऐकू आलं
ते आडनाव.

ओडिलिया, बायको. साठला चोवीस,
सत्तरला एकतीस,
ऐंशीला अडतीस.
"दहा वर्षांत सातच," व्हर्ना म्हणते,
"ही विद्या आपल्यापर्यंत कशी पोचली नाही?"
आम्ही हसतो. कारकून चष्म्यावरून बघतो.
तिच्या नावापुढे धंद्याच्या रकान्यात: घर सांभाळते.
त्यात दोन गायी आल्या,
ठिणगीनं एक डोळा नेलेला दीर आला,
आणि नवऱ्याच्या सदऱ्यांवरची भोकं, मोहरीएवढी,
दर शनिवारी रात्री बुजवायची, सोमवारी पुन्हा पडायची.

नव्वदचं पान नाही.
ती शिरगणती वॉशिंग्टनला जळाली.
आगीवर पोट भरलेल्या घराची दहा वर्षं
आगीनं वसूल केली.

एकोणीसशे. ओडिलिया, विधवा.
वय बावन्न. (चौसष्ट, बाई, चौसष्ट.)
जन्मलेली मुले: दहा.
हयात: सहा.

व्हर्ना बोटांवर मोजते. आमच्याकडे नऊ आहेत.
बायबलच्या मलपृष्ठावर नऊ, आजीच्या तोंडी नऊ.
पुन्हा मोजते, अंगठ्यापासून.

वही तिच्या कोठारात सापडली, चरबीच्या डब्यात,
एक कोपरा उंदरांनी वाचून संपवलेला.
जर्मन अक्षरं, आणि कोळशाचा अंगठा पानापानावर.
*मथायस केर्शन. नाल चार. घोडी लाथा मारते, पाच सेंट जास्त.*
*विधवा उल्वेलिंग. नांगराचा फाळ. अंडी दिली, दोन फुटकी.*
*पाद्रीबुवा. घंटेचा लोलक. म्हणाले, देव देईल.*
त्यापुढे वेगळ्या शाईत: *अजून नाही दिले.*

गावच्या मेलेल्यांचे क्रूसही तोच घडवायचा,
टोकांना वेल, मधोमध तारा.
मोठा दीड डॉलर, पोराचा पाऊण.
एकोणऐंशीच्या थंडीत घटसर्प आला,
तेव्हाचं सबंध पान क्रूसांचं.
नाव, माप, दाम.
नाव, माप, दाम.
मग नऊ फेब्रुवारी: *एक क्रूस, लहान.*
गिऱ्हाइकाच्या जागी काही नाही.
दाम नाही.
खाली तीन दिवस कोरे.
तेरा तारखेला: *नाल चार.*

सत्तरनंतर आलेलं, ऐंशीच्या आत गेलेलं.
दोन शिरगणत्यांच्या फटीतून
एक पोर निसटलं, आणि सरकारच्या हिशेबात
कुठलाही आकडा चुकला नाही.

टेकडीवरच्या दफनभूमीत वारा मक्याच्या धाटांवरून येतो,
वर्ष सरत आलेलं. व्हर्नाची काठी मातीत रुतते.
लहान क्रूस अकरा. नावांच्या पट्ट्या गंजानं खाल्लेल्या.
मी हातमोजा काढून एकेक तारा चाचपते.
पाच टोकं, नेमकी. पाच टोकं, नेमकी.
त्याचा हात असा होता, वाकडं त्याला खपत नसे.
कुंपणाशेजारी, आठवा की नववा,
त्यावर एक टोक डावीकडे कललेलं,
लोखंड लाल असताना नजर हलल्यासारखं.
त्यानं ते पुन्हा तापवलं नाही.

व्हर्ना बराच वेळ काही बोलत नाही.
मग म्हणते, "म्हातारीनं वय चोरलं.
पोर नाही चोरलं."

मुलगी की मुलगा, तेही ठाऊक नाही.
गाडीत बसून, हीटर सुरू व्हायच्या आधी,
पेन फुंकून ऊब देत
मी नऊ खोडते.